फॉस्फेट लागला की जनुक चालू?

प्रश्न : मी निपाणीची, सध्या बेळगावात एम.एस्सी. करते. पेशींना फॉर्स्कोलिन (क्रेबवर फॉस्फेट चढवायला लावणारं रसायन) देऊन 'क्रेब' या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवरचा, म्हणजे जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनावरचा, फॉस्फेट वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने प्रथिनाची पट्टी दाखवणारी चाचणी) बघते. पट्टी कधी येते, कधी येत नाही. काहीच न दिलेल्या पेशींतही दिसते. मेम्ब्रेन (प्रथिनं उतरवून घेतलेला पडदा) दुधात ब्लॉक केलं, म्हणजे त्यावरची मोकळी जागा दुधाने झाकली, तर सगळंच काळवंडतं. आणि पट्ट्या दोन का येतात?

उत्तर : पट्टी हरवते ती बहुधा पेशी फोडताना. पेशी फुटली की फॉस्फेट पुरवणारं एटीपी विरळ होतं, तो लावणारी एन्झाइम म्हणजे कायनेज थंडावतात. फॉस्फेट काढणारे फॉस्फटेज मात्र चालूच राहतात आणि सेरीन-133 वरचा (क्रेबमधल्या 133 व्या जागेच्या सेरीन या अमिनो आम्लावरचा) फॉस्फेट उतरवून टाकतात. पुष्कळजण बफरमध्ये नुसतं सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट घालतात. ते टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लावरचे फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फटेजना अडवतं. तुमचं काम सेरीनचं आहे. म्हणून सोडियम फ्लोराइड (10 ते 50 मिलिमोलर) आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हवंच. सगळं बर्फावर करा. डिसेंबरातली बेळगावची थंडी कितीही बोचली तरी ती बर्फाच्या जागी चालत नाही. त्याहून सोपं म्हणजे माध्यम काढून पेशींवर थेट गरम एसडीएस (प्रथिनं उलगडणारं डिटर्जंट) सॅम्पल बफर ओतायचा. एन्झाइम जागीच निकामी होतात.

न दिलेल्या पेशींतली पट्टी माध्यमातल्या सीरममुळे (रक्तद्रवामुळे) येते. आदल्या रात्री सीरम 0.5 टक्क्यांवर आणा, आणि ऐन प्रयोगाआधी माध्यम बदलू नका; तेवढ्यानेही पेशी चाळवतात. फॉर्स्कोलिन 10 मायक्रोमोलर, 15 ते 30 मिनिटं. कंट्रोलला तेवढंच डीएमएसओ (फॉर्स्कोलिन विरघळवायचं द्रावक).

दूध नंदिनीचं घ्या की गोकुळचं, केसिन दोन्हींत आहे, आणि केसिन या प्रथिनावर स्वतःचेच फॉस्फेट असतात; प्रतिपिंड तिथेही चिकटू शकतं. टीबीएसटीमध्ये (ब्लॉट धुवायचं खारट बफर) 5 टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा.

वरची पट्टी, 43 किलोडाल्टनच्या आसपासची, क्रेबची. खालची बहुतेक एटीएफ-1 ची: त्याच घराण्यातलं प्रथिन, फॉस्फेटभोवतीचा क्रमही जवळपास तोच. शंका उरली तर एक नमुना लॅम्डा फॉस्फटेजने धुऊन घ्या. पट्टी गेली पाहिजे. एकूण क्रेबचा ब्लॉट सोबत नसेल तर फॉस्फोच्या पट्टीवरून काहीच म्हणता येत नाही.

प्रश्न : फॉस्फेट लागला की प्रथिन चालू होतं, असं मुलांना शिकवलं तर चालेल का? (विज्ञान शिक्षक, खानापूर)

उत्तर : नको. क्रेब फॉस्फेटशिवायही डीएनएवर बसू शकतो; फॉस्फेटमुळे त्याला सीबीपी हे साहाय्यक प्रथिन येऊन जोडलं जातं, तेव्हा जनुक वाचलं जातं. फॉक्सो-1 या दुसऱ्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचं उलटं. इन्सुलिन आलं की एकेटी कायनेज त्याच्यावर तीन ठिकाणी फॉस्फेट लावतो, 14-3-3 प्रथिनं त्याला धरतात, तो केंद्रकाबाहेर अडकतो आणि यकृतातली ग्लुकोज तयार करणारी जनुकं मंदावतात. एनएफएटी हा तिसरा फॅक्टर तर फॉस्फेट असेपर्यंत केंद्रकाबाहेरच थांबतो. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्युरिन हे फॉस्फटेज एन्झाइम ते फॉस्फेट काढतं आणि मग तो केंद्रकात शिरतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला देतात ते सायक्लोस्पोरिन हे औषध कॅल्सिन्युरिनलाच रोखतं.