टेलच्या शेतकऱ्याचा पाण्यावरचा हक्क

नीरा उजव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, सांगोला तालुक्यात जमीन असलेल्या शेतकऱ्यांकडून तीन प्रश्न आले आहेत.

प्रश्न : चारी (कालव्यातून शेतापर्यंत पाणी आणणारा लहान पाट) आमच्या बांधालगत आहे, आजोबांपासून पाणी घेतोय. हक्क आमचाच ना?

उत्तर : नाही. बांध लागून असल्याने किंवा वहिवाटीने कालव्याच्या पाण्याचा हक्क मिळत नाही. तो हंगामापुरत्या मंजुरीने मिळतो. रब्बीचा हंगाम 15 ऑक्टोबरला सुरू होतो, त्याच सुमारास पाटबंधारे विभागाचे जाहीर प्रकटन निघते. त्यातली मुदत पाळून शाखा कार्यालयात नमुना 7, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, भरा, पोच घ्या आणि ती जपून ठेवा. वाद झाला की तोच पुरावा. पाणीपट्टीची थकबाकी असेल तर अर्ज तिथेच अडकतो. अर्जात ज्वारी लिहायची आणि पाणी उसाला द्यायचे, हा प्रकार टाळा. पंचनामा झाला की दंडासह आकारणी होते.

शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याखालची पाणी वापर संस्था तुमच्या चारीवर सुरू झाली असेल, तर विभाग एकेकट्याला पाणी देत नाही. संस्थेला मोजून देतो, तुमची मागणी संस्थेकडे. संस्थेत हेड (वरचे, सुरुवातीचे टोक), मध्य आणि टेल या तिन्ही भागांचे संचालक असतात. टेलवाल्यांनी ती जागा रिकामी सोडू नये, असे मी प्रत्येक बैठकीत सांगतो. सभेला जायचे नाही आणि पाणी आले नाही म्हणून ओरडायचे, याने चारीला पाणी येत नाही.

प्रश्न : धरणात पाणी कमी असेल तर आधी कुणाला?

उत्तर : आधी पिण्याला. 2003 च्या राज्य जलनीतीत त्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. 2011 मध्ये तो बदलून शेती दुसरी आली. आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, किती द्यायची हे 15 ऑक्टोबरचा साठा बघून कालवा सल्लागार समितीत ठरते. शेतीतल्या शेतीत शेजपाळीचा, म्हणजे शेतकऱ्यांना ओळीने पाळी देण्याचा, नियम टेलकडून हेडकडे येण्याचा आहे. प्रत्यक्षात वरचा ऊस आधी भिजतो, हे मलाही दिसते. पाळी चुकली तर त्याच दिवशी कालवा निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या. फोनवर बोललेले कागदावर राहत नाही.

आवर्तनाचा भरवसा नसेल तर पीकही तसेच धरा. रब्बी ज्वारीला एकच पाणी मिळणार असेल तर ते 50 ते 55 दिवसांनी, पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) द्या. हरभऱ्याला दोन मिळाली तर एक फांद्या फुटताना, दुसरे घाटे भरताना.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. सरकारी कालव्यावर हे जसेच्या तसे चालणार नाही, पण टंचाईच्या साली संस्थेने आपसात माणशी वाटप ठरवायला काय हरकत आहे?

प्रश्न : शेजाऱ्याने खोल बोअर मारले, माझी विहीर आटली. काय करू?

उत्तर : राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, बोअरही त्यात आले. तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या. सोबत विहिरीच्या पाणीपातळीची तारीखवार नोंद जोडा. ती आजपासूनच ठेवायला लागा.