मोडनिंब स्टेशनचा इतिहास काय आणि तिथून गाडी मिळते का?

माढा तालुक्यातलं मोडनिंब कुर्डुवाडी–पंढरपूर मार्गावर आहे. हा मार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वे या खासगी कंपनीचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने बांधलेली ही छोटी लाइन (दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर) १८९७ मध्ये बार्शीला पोचली, १९०६ मध्ये पंढरपूरला. कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत. पुढे लाइन लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली, १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. आता सगळी ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची मोठी लाइन आहे. छोट्या गाडीतून वारीला गेलेल्या पिढीला ती अजून आठवते, आणि हा ठेवा जपायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

मोडनिंबला पॅसेंजर थांबते. मुंबई किंवा सोलापूरसाठी कुर्डुवाडी जंक्शनला गाडी बदला. आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या सुटतात, पण थांबे आधी विचारून घ्या.