शंका-समाधान: कंपनीच्या पोस्ट आणि संचालक मंडळ

प्रश्न : मी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत स्वतंत्र संचालक आहे. सोशल मीडियाचे काम मार्केटिंगवाले पाहतात. मंडळाने त्यात का पडावे?

उत्तर : पोस्टच्या शब्दांत पडूच नये. मंडळ मजकूर लिहायला बसले तर काम खोळंबेल आणि पोस्टही कुणी वाचणार नाही. मंडळाने पाहायचे ते एवढेच, की शेअरचा भाव हलवू शकेल अशी माहिती आधी कुठे जाते आणि ती कुणाच्या हातून जाते.

जुलै २०१२ मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी स्वतःच्या फेसबुक पानावर लिहून टाकले, की जूनमध्ये प्रेक्षकांनी एक अब्ज तासांहून अधिक पाहिले. बाजाराला ते वेगळे कळवले नव्हते. अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामक संस्थेने चौकशी केली, कारवाई केली नाही. पण एप्रिल २०१३ मध्ये स्पष्ट केले की माहिती सोशल मीडियावरून देता येईल, मात्र कोणत्या खात्यावरून देणार हे गुंतवणूकदारांना आधी ठाऊक हवे. टेस्लाने त्याच वर्षी इलॉन मस्क यांचे ट्विटर खाते तसे जाहीर केले. पुढे ७ ऑगस्ट २०१८ रोजी ‘शेअरला ४२० डॉलर देऊन कंपनी खासगी करण्याचा (शेअर बाजारातून काढण्याचा) विचार, निधी पक्का’ या आशयाचे ट्विट आले. त्या खात्यावर काय जाते हे तपासण्याची व्यवस्थाच कंपनीत नव्हती, असा एसईसीचा आक्षेप होता. तडजोडीत मस्क आणि कंपनी यांना प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड झाला, मस्क यांना अध्यक्षपद सोडावे लागले, दोन नवे स्वतंत्र संचालक आले आणि ठरावीक मजकुराला पूर्वमंजुरीची अट लागली.

प्रश्न : आमचे धोरण कागदावर चोख आहे. तरी पोस्ट न विचारता जातात.

उत्तर : टेस्लाचेही धोरण होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये मस्क यांनी त्या वर्षी सुमारे ५ लाख गाड्या बनवू असे ट्विट केले आणि काही तासांनी दुरुस्त केले. मंजुरी घेतली नव्हती. तोवर एकाही ट्विटसाठी ती मागितली गेली नव्हती, असे एसईसीने न्यायालयात सांगितले.

म्हणून धोरण नव्हे, नोंदी मागवा. ऑडिट समितीने दर तिमाहीला वीसेक पोस्ट स्वतः निवडाव्यात (मार्केटिंगने निवडलेल्या नकोत) आणि प्रत्येकीसमोर तीन गोष्टींची वेळ लिहून घ्यावी : बाजाराला कळवल्याची, मंजुरीची, पोस्टची. क्रमही हाच हवा. मंजुरी पोस्टनंतर दहा मिनिटांनी असेल तर ती मंजुरी नव्हे, सारवासारव. घोळ नेहमी ठरलेल्या जागी होतात. बैठक लांबते, पण आधीच वेळ लावून ठेवलेली निकालाची पोस्ट आपल्या वेळेला निघून जाते. मजकूर तपासला जातो, आकडा मात्र चित्रात असतो. कंपनी सेक्रेटरी रजेवर असतात आणि मंजुरी देणारा दुसरा कुणी नेमलेला नसतो. चुकलेली पोस्ट गुपचूप काढू नका. स्क्रीनशॉट तोवर फिरलेले असतात. प्रत जपा, बाजाराला खुलासा द्या आणि तोच खुलासा त्याच खात्यावर टाका.

प्रश्न : निकाल वाईट असताना खात्यावर गप्प राहिले तर?

उत्तर : बाजाराला रीतसर कळवले असेल तर बहुधा नियमभंग होत नाही. पण चांगल्या तिमाहीत ढोल आणि वाईट तिमाहीत मौन, हे गुंतवणूकदार ओळखतात. गेल्या आठ तिमाहींचे निकाल आणि त्या दिवशीच्या पोस्ट शेजारी ठेवून पाहा. निकालाची एकच साधी पोस्ट, नफा असो वा तोटा, ठरलेल्या वेळी जाईल असा ठराव करा.

प्रश्न : खाते हॅक झाले तर?

उत्तर : ९ जानेवारी २०२४ रोजी खुद्द एसईसीच्या एक्स (पूर्वीचे ट्विटर) खात्यावर बिटकॉइन ईटीएफला (शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या बिटकॉइन फंडांना) मंजुरी मिळाल्याची खोटी पोस्ट पडली. हल्लेखोराने खात्याला जोडलेला फोन नंबर दुसऱ्या सिमवर वळवला होता आणि दुहेरी पडताळणी आधीच्या जुलैपासून बंद होती. तेव्हा पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा : खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे, दुहेरी पडताळणी सुरू आहे का, आणि नोकरी सोडून गेलेल्यांकडे पासवर्ड अजून चालतो का.