नागपूर महापालिका: पक्ष का फुटतात आणि चार मतं देताना काय बघायचं

जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीच्या तोंडावर, डिसेंबर 2025 मध्ये आलेला प्रश्न असा आहे: "आमच्या प्रभागातले माजी नगरसेवक गेल्या चार वर्षांत दुसऱ्या पक्षात गेले आणि आता तिसऱ्याचं तिकीट मागतायत. प्रत्येक पक्षात दोन-दोन गट. मग पक्ष बघून मत देण्यात काही अर्थ आहे का? आणि चारही मतं एकाच पॅनेलला द्यावीत का?"

मी कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी नाही. पण पूर्वी बूथवर बसलोय, मतमोजणीच्या टेबलाशी प्रतिनिधी म्हणून उभा राहिलोय, आणि तिकीटवाटपाचे दिवस जवळून पाहिलेत. माझं मत सांगायचं तर नाराजी सगळ्याच पक्षांत सारखी असते. यादी निघाल्यापासून माघारीच्या तारखेपर्यंत तो पक्ष त्या नाराजीचं काय करतो, यावर फूट ठरते.

आधी गणित बघा. 151 जागा, 38 प्रभाग. 37 प्रभागांत चार-चार सदस्य, एकात तीन. 2011 च्या जनगणनेत शहर 24 लाखांचं होतं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही एका प्रभागात सरासरी 60 हजारांच्या वर माणसं. प्रत्येक प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा आणि प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं. सोडत निघाली की खरी पळापळ सुरू होते. ज्या माणसाने पाच वर्षं नळाच्या, गडरच्या तक्रारी सोडवल्या, त्याची जागा महिलांसाठी गेली तर तो काय करणार? घरातून पत्नीला किंवा वहिनीला उभं करणार, नाहीतर शेजारच्या प्रभागात शिरणार. तिथे आधीच कुणीतरी पाच वर्षं राबलेला असतो. तो नाराज झाला की तिसरीकडे सरकतो. या वेळी 151 पैकी 82 जागा अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी आहेत. उरलेल्या सर्वसाधारण जागांमध्येही निम्म्याच्या आसपास महिलांच्या. म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या पुरुष इच्छुकाला प्रभागात जेमतेम एखादी जागा उरते आणि तिच्यासाठी मोठ्या पक्षात दहा-पंधरा जण रांगेत. (आरक्षण 50 टक्क्यांच्या वर गेलेल्या राज्यातल्या दोनच महापालिका, नागपूर आणि चंद्रपूर. दोन्हीकडचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन आहे, हेही लक्षात असू द्या.) आरक्षण हवंच, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण तुमच्या प्रभागातली "विचारांची लढाई" बऱ्याचदा सोडतीच्या चिठ्ठीतून सुरू झालेली असते, एवढं ओळखून ठेवा.

दुसरं कारण कायद्याचं, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. नगरसेवकांना पक्षांतरबंदी लागू आहे, 1986 चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा. निवडून आल्यावर पक्ष सोडला किंवा व्हिप मोडला तर पद जाऊ शकतं. पण ते पद असेल तर! आपल्या महापालिकेची मुदत 4 मार्च 2022 ला संपली आणि प्रशासक आला. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता, सगळेच माजी. माजी माणसाला कुठलाही व्हिप नाही, कुठलीही अनर्हता नाही. तुमचे नगरसेवक दोन पक्ष फिरून आले ते याच काळात. निवडणूक वेळेवर झाली असती तर निम्मे प्रवेशसोहळे झालेच नसते असं मला ठामपणे वाटतं. निवडणूक लांबवणं हा नागपूरच्या माणसावर झालेला अन्याय आहे. झोन ऑफिसला गेल्यावर आपलं म्हणणं मांडायला हक्काचा माणूस नाही, ही अवस्था चार वर्षं आपण सोसली.

आता नाराजी कशी हाताळली जाते त्याकडे. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एकाच निवडणुकीत सापडतं, डिसेंबर 2021 ची विधान परिषदेची नागपूर स्थानिक प्राधिकारी जागा (इथे मतदार म्हणजे नगरसेवकांसारखे स्थानिक संस्थांचे सदस्यच). भाजपचे उमेदवार होते चंद्रशेखर बावनकुळे. 2019 ला विद्यमान मंत्री असताना त्यांचं कामठीचं तिकीट कापलं गेलं होतं. तेव्हा माणसं किती चिडली होती ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. पण ते पक्षात राहिले आणि दोन वर्षांनी पक्षाने ही जागा दिली. समोर काँग्रेसने कोणाला आणलं? भाजपचेच नगरसेवक छोटू भोयर यांना, ऐन वेळी पक्षात घेऊन. काँग्रेसचे जुने लोक नाराज झाले. मतदानाच्या आदल्या दिवशी पक्षाने आपल्याच उमेदवारावरून हात काढला आणि अपक्ष मंगेश देशमुख यांना पाठिंबा दिला. निकाल: बावनकुळे 362, देशमुख 186, भोयर 1. काँग्रेसचा अधिकृत उमेदवार आणि मत एक! पुढे बावनकुळे 2022 मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले, 2024 मध्ये महसूलमंत्री.

यावरून भाजपमध्ये भांडणं नाहीत असं कोणी समजू नये. तिथे इच्छुक सगळ्यात जास्त, म्हणून नाराजही सगळ्यात जास्त. 2017 ला 108 नगरसेवक निवडून आले, म्हणजे या वेळी 108 जण पहिला हक्क सांगणार, त्यात बाहेरून आलेल्यांची भर. शहरात दोन मोठे नेते, एक केंद्रात आणि एक मुख्यमंत्री. इच्छुक दोन्हीकडे चकरा मारतो. फरक इतकाच की 2007 ते 2022 सलग सत्ता असल्यामुळे देण्यासारखं बरंच काही हाताशी असतं: स्वीकृत सदस्यत्व (पूर्वी 5, आता 10 पर्यंत), स्थायी समिती, झोन सभापती, परिवहन, एखादं महामंडळ. "या वेळी थांब, पुढे बघू" हे वाक्य खरं ठरल्याची उदाहरणं समोर असली की माणूस थांबतो. सत्तेचा हा फायदा आहे, त्यात काही उदात्त नाही.

काँग्रेसकडे हेच नाही. 2002 मध्ये सत्ता आली होती, ती 2007 ला गेली आणि नंतर आली नाही. तिथे आधी मुत्तेमवार, चतुर्वेदी, राऊत, अनीस अहमद, मग विकास ठाकरे अशी प्रत्येकाची आपली माणसं, आपले भाग. फेब्रुवारी 2017 मध्ये ऐन प्रचारात प्रदेशाध्यक्षांच्या अंगावर शाई फेकली गेली ती इथेच, तिकीटवाटपाच्या रागातून. 29 नगरसेवक आले आणि त्यांच्यातही विरोधी पक्षनेता कोण यावर वाद. संजय महाकाळकर की तानाजी वनवे, हे भांडण विभागीय आयुक्तांकडे आणि तिथून हायकोर्टात गेलं. 108 समोर 29 असताना ज्या वेळात पाणी, मालमत्ता कर, सिमेंट रस्ते यांवर सभागृहात प्रश्न विचारायला हवे होते, तो वेळ आपल्याच माणसांवर गेला. मला याचं फार वाईट वाटतं. विरोधी पक्ष कमजोर असला की त्याचा भुर्दंड त्या पक्षाला नंतर बसतो, आधी तुमच्या-आमच्या गल्लीला बसतो.

याच काँग्रेसने डिसेंबर 2020 मध्ये विधान परिषदेचा नागपूर पदवीधर मतदारसंघ जिंकला. अभिजित वंजारी यांनी तेव्हाचे महापौर संदीप जोशी यांना हरवलं. अनेक दशकं भाजपकडे असलेली जागा, जिथून नितीन गडकरी स्वतः निवडून जायचे. तेव्हा एकच नाव ठरलं, मतदार नोंदणी आधीपासून झाली आणि सगळे गट कामाला लागले. म्हणजे मतं आहेत, नसतो तो एकोपा.

उत्तर नागपूरचा विषय वेगळा आहे आणि मला तो सगळ्यात जास्त बोचतो. रिपब्लिकन पक्षाची स्थापना 3 ऑक्टोबर 1957 ला याच शहरात झाली. पुढे त्याचे किती गट झाले याची यादी करायला बसलं तर संध्याकाळ जाईल. ती जागा बऱ्याच अंशी हत्तीने घेतली: बसपाचे 2012 ला 12 आणि 2017 ला 10 नगरसेवक. इंदोरा, आशीनगर, पाचपावलीतला मतदार जागरूक आहे, दीक्षाभूमीच्या शहरातला आहे, आणि तरीही त्याचं मत तीन-चार ठिकाणी फाटतं. 2014 च्या विधानसभेला उत्तर नागपुरात भाजपचे मिलिंद माने जिंकले, बसपाचे किशोर गजभिये दुसरे आणि मंत्री राहिलेले नितीन राऊत तिसरे. पुढे गजभिये काँग्रेसमध्येच गेले. कोणाला मत द्यायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त असण्याची वेळ या भागावर पुन्हा पुन्हा येते.

दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी यांबद्दल नागपुरात फार शाई खर्च करायची गरज नाही. 2017 ला सेनेचे 2 आणि राष्ट्रवादीचा 1 नगरसेवक होता. मुंबई-ठाण्यात त्या फुटीने सगळं बदललं, इथे जागा मागणारे हात वाढले एवढंच. तडजोड जमली नाही की "मैत्रीपूर्ण लढत" हा शब्द ऐकू येईल. त्याचा अर्थ, वरच्या नेत्यांची मैत्री टिकली आणि खालच्या कार्यकर्त्याची लढत लागली.

आता पुढचे दिवस. अर्ज 23 ते 30 डिसेंबर 2025, माघार 2 जानेवारी 2026 पर्यंत, मतदान 15 जानेवारीला, मोजणी 16 ला. एबी फॉर्म (हाच आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्षाचं पत्र) मुद्दाम शेवटच्या दिवसापर्यंत रोखून ठेवले जातात, कारण आधी दिले तर ज्याला मिळाला नाही त्याला दुसऱ्या पक्षाकडून तो आणायला वेळ मिळतो. म्हणून 30 तारखेला दुपारी झोन ऑफिसांसमोर जाऊन उभे राहा, एका तासात सगळं कळेल. आतमध्ये अर्ज भरून बसलेला माणूस, बाहेर मोटरसायकलवरून पाकीट घेऊन येणारा पोरगा, आणि मुदत संपायला पाच मिनिटं. मुदत संपली की दार बंद म्हणजे बंद. अनीस अहमद यांच्यासारखा माजी मंत्री ऑक्टोबर 2024 मध्ये काँग्रेस सोडून वंचितचं मध्य नागपूरचं तिकीट घेऊन निघाला आणि काही मिनिटं उशिरा पोचला. अर्जच घेतला गेला नाही.

30 तारखेच्या यादीवरून मत बनवू नका. 2 जानेवारीला कोण उरलं ते बघा. ज्याने माघार घेतली त्याचे कार्यकर्ते नंतर बूथवर दिसतात की घरी बसतात, यावरून त्या पक्षाने त्याला समजावलं की नुसतं दाबलं ते कळेल. बंडखोर अपक्ष म्हणून उरला असेल तर त्याला सरळ विचारा: भाऊ, निवडून आलात तर कोणासोबत बसणार? निकालानंतर महिनाभरात आघाडी नोंदवता येते. 2012 मध्ये 145 पैकी 62 जागा असताना भाजपने नागपूर विकास आघाडी करूनच सत्ता टिकवली होती. अपक्षाला दिलेलं मत शेवटी कुठल्यातरी गटात जाऊन बसतं. कुठे, ते आधी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पक्ष बघावा का? हो, बघावा. बजेट, कर, पाण्याचं कंत्राट हे सभागृहातल्या बहुमताने ठरतं, एकट्या चांगल्या नगरसेवकाने नाही. पण तुम्हाला चार मतं आहेत आणि ती चार वेगळ्या जागांची आहेत. पॅनेलमधल्या एका दमदार उमेदवाराच्या जोरावर बाकीचे तीन निवडून आणणं हेच या पद्धतीचं राजकारण आहे. मी स्वतः प्रत्येक जागेची नावं वेगळी लिहून काढतो. जिथे माझ्या पक्षाचा माणूस सोडतीपुरता आणलेला वाटतो, तिथे दुसरीकडे मत देतो. जिथे तो खरंच प्रभागात दिसलेला असतो, तिथे पक्षालाच देतो. चारपैकी एखादी जागा पटली नाही तर त्या जागेपुरता नोटा दाबा, पण प्रत्येक जागेसमोरचं बटण दाबल्याशिवाय केंद्रातून बाहेर पडू नका. घाईत एक-दोन बटणं दाबून निघणारे पुष्कळ असतात, विशेषतः म्हातारी माणसं. घरातल्या आजी-आजोबांना हे आदल्या दिवशी नीट समजावून सांगा.

तुमच्या त्या माजी नगरसेवकांबद्दल: त्यांचं शपथपत्र अर्जासोबत जाहीर होतं. 2017 चं आणि आताचं शेजारी ठेवून मालमत्ता, गुन्हे आणि थकबाकी हे तीन रकाने वाचा. मग त्यांची सभा असेल तिथे जा आणि मार्च 2022 नंतर प्रभागातल्या कुठल्या कामासाठी ते झोनमध्ये गेले होते, तेवढं विचारा.