मेंदूच्या स्कॅनवर डिप्रेशन दिसतं का? संशोधक त्यात नेमकं काय मोजतात?

एका माणसाचा स्कॅन पाहून त्याला डिप्रेशन आहे की नाही, हे आज कुणालाही सांगता येत नाही. डॉक्टर एमआरआय करायला लावतात तो गाठ, पक्षाघात असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. संशोधनात मात्र स्कॅन उपयोगी पडतो, कारण तिथे रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटाशी ताडून पाहता येते.

मेंदूच्या रचनेच्या एमआरआय स्कॅनला साधारण पाच मिनिटं लागतात आणि एक मिलिमीटरपर्यंतचा तपशील मिळतो. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी लोकांचे स्कॅन एकत्र तपासले. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी संबंधित मेंदूचा भाग, सरासरीने लहान निघाला, पण फरक होता प्रमाण विचलनाच्या (माणसामाणसांत एरवीही असणाऱ्या फरकाचं माप) ०.१४ पट. म्हणजे दोन्ही गटांचे आकडे जवळपास पूर्णपणे एकमेकांत मिसळलेले. वीस-तीस जणांच्या अभ्यासात एवढा बारीक फरक सापडला, तर तो योगायोग असण्याचीच शक्यता जास्त.

एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम पाहण्यासाठीचा एमआरआय, विचार किंवा भावना टिपत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपतो. मेंदूपेशी कामाला लागल्यावर हा बदल पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा एक-दोन टक्क्यांचाच असतो. श्वासाची लय, कॉफी, झोप यांनीही तो हलतो. सगळ्यांत जास्त घोळ डोक्याच्या हालचालीने होतो. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी हललेलं डोकं जवळच्या भागांतला संबंध (म्हणजे त्यांचे चढ-उतार किती जुळतात ते) खोटाच वाढवतं आणि दूरच्या भागांतला कमी दाखवतं. अस्वस्थ रुग्ण थोडा जास्त हलला, की ती हालचालच आजाराची खूण म्हणून छापली जाते. म्हणून शोधनिबंध वाचताना मी आधी दोन्ही गटांची सरासरी हालचाल दिली आहे का, ते पाहतो. दिली नसेल तर पुढच्या रंगीत चित्रांवर माझा भरवसा बसत नाही.

दुसरी अडचण जागेचीच. डिप्रेशनमध्ये सर्वाधिक चर्चेत असलेला सबजेन्युअल सिंग्युलेट हा मेंदूच्या पुढच्या बाजूचा खोल भाग हवेने भरलेल्या सायनसच्या जवळ आहे. हवा आणि ऊती यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र विस्कटतं आणि तिथला सिग्नल गळतो. पातळ काप घेणं, काप तिरपे लावणं, इको टाइम (सिग्नल मोजण्याआधी थांबायचा वेळ) कमी ठेवणं यांनी नुकसान बरंच कमी होतं. चुंबकीय क्षेत्राचा वेगळा नकाशा घेतला तर चित्रातला वेडावाकडेपणा सुधारता येतो, पण गळलेला सिग्नल त्याने परत येत नाही. प्रत्येकाची कच्ची चित्रं उघडून पाहायलाच हवीत. सिग्नलच नसेल तर ‘इथे फरक आढळला नाही’ या वाक्याला अर्थ उरत नाही.

औषधांचा परिणामही वेगळा काढावा लागतो. केवळ अभ्यासासाठी कुणाची गोळी थांबवणं मला पटत नाही. पहिल्यांदाच आजारी पडलेले, उपचार सुरू न झालेले रुग्ण घेणं जास्त योग्य, आणि तसे मिळत नसतील तर प्रत्येकाच्या औषधाचं नाव, डोस आणि कालावधी नोंदवावा.

पेट स्कॅन, म्हणजे शरीरात किरणोत्सारी पदार्थ सोडून तो कुठे जातो हे पाहणारा स्कॅन, रेणूंपर्यंत पोचतो. त्यात वापरला जाणारा किरणोत्सारी कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळच लागतं. नेहमीच्या डोसला एसएसआरआय ही डिप्रेशनवरची औषधं सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरच्या (सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन पेशीत परत ओढणाऱ्या प्रथिनाच्या) सुमारे ८० टक्के जागा अडवतात, हे यातूनच कळलं. त्यावरून औषध ठरल्या जागी पोचतं एवढं सिद्ध होतं. आजार सेरोटोनिनच्या कमतरतेने होतो, हे नाही.

२०२२ च्या एका अभ्यासात १,८०९ जणांचे अनेक प्रकारचे स्कॅन वापरूनही एकेकट्या मापावरून रुग्ण ओळखण्याची अचूकता ५४ ते ५६ टक्के निघाली. नाणं उडवलं तरी ५० मिळतात.

मला खरी आशा वाटते ती उपचाराची जागा ठरवण्यात. टीएमएस, म्हणजे चुंबकीय स्पंदांच्या उपचारात, डाव्या कपाळामागच्या भागातली जी जागा सबजेन्युअलच्या उलट दिशेने चढ-उतार करते, तिथे उत्तेजन दिल्यास गुण जास्त येतो, असं २०१२ पासूनच्या विश्लेषणांत दिसलं आहे. पण ती जागा एकेका रुग्णात शोधायची तर पाच-सहा मिनिटांचा स्कॅन अपुरा पडतो. पुन्हा मोजल्यावर बिंदू सरकतो, म्हणून जास्त वेळ आणि शक्यतो एकाहून अधिक वेळा स्कॅन घ्यावा लागतो.