घरी संध्याकाळी १८० व्होल्टच येतात. गीझर आणि एसी चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: १५ लिटरचा २००० वॅटचा गीझर आणि दीड टनाचा एसी घ्यायचाय, संध्याकाळी घरात १८०-१८५ व्होल्टच येतात, दुकानदार दोन्हींना मिळून एक मोठा स्टॅबिलायझर गळ्यात मारतोय आणि अमेरिकेतले मेव्हणे सांगतायत की गीझरला २४० ची वेगळी लाईन लागते. मी वायरमन आहे, कराडच्या आजूबाजूला वीसेक वर्षं घरांची फिटिंग करतोय. दुकानदाराचं निम्मं चूक आहे आणि मेव्हण्यांचं निम्मं बरोबर आहे.

आधी मेव्हण्यांचं बघू. त्यांच्याकडे घरात करंट असलेल्या दोन तारा आणि एक न्यूट्रल येतो. कुठलीही एक तार आणि न्यूट्रल धरला की १२० व्होल्ट, दोन्ही तारा धरल्या की २४०. दिवे, टीव्ही, मिक्सर १२० वर आणि गीझर, कपडे वाळवायचं मशीन, विजेची शेगडी २४० वर. तिकडच्या टाक्या मोठ्या, हीटर बहुतेक ४५०० वॅटचा आणि त्याला ३० अँपियरचा ब्रेकर. म्हणून ते म्हणतात ते तिकडे खरंच आहे. आपल्याकडे सिंगल फेज म्हणजे सरसकट २३० व्होल्ट. मोबाईलच्या चार्जरला जे मिळतं तेच गीझरला, तेच एसीला. जास्त व्होल्टेजची लाईन मागायला तुम्हाला कुठे जायचं नाही. पण गीझरला डीबीपासून, म्हणजे घरातल्या एमसीबीच्या (ब्रेकरच्या) डब्यापासून, स्वतंत्र वायर ओढायची, हे मात्र इथेही तितकंच खरं. ते पुढे येईलच.

आता १८० वर गीझरचं काय होतं? काही बिघडत नाही, पाणी उशिरा तापतं, इतकंच. गीझरच्या आत असते ती नुसती कॉईल. २००० वॅटच्या कॉईलचा रोध साधारण साडेसव्वीस ओहम. २३० व्होल्टला ती पावणेनऊ अँपियर ओढते. १८० ला पावणेसातच्या आसपास. व्होल्टेज आणि करंट दोन्ही उतरल्यामुळे २००० चे राहतात सव्वाबाराशे वॅट. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला एरवी अठरा-एकोणीस मिनिटं लागतात, तिथे अर्धा तास लागेल. युनिट मात्र जवळपास तेवढंच पडतं, बिल वाढत नाही. तेव्हा दहा मिनिटं आधी खटका दाबा, झालं.

गीझरला स्टॅबिलायझर लावलात तर उलट शेजाऱ्यांचाही तोटा कराल. स्टॅबिलायझर हवेतून व्होल्टेज आणत नाही, लाईनमधून जास्त करंट ओढून आउटपुट वर उचलतो. २००० वॅट पुरे करायला १८० च्या लाईनवरून त्याला अकरा अँपियरच्या वर ओढावे लागतील. आधीच दमलेली लाईन आणखी खाली बसेल. गल्लीत पाच घरांनी असं केलं की सहाव्या घरातला फ्रीज गुरगुरायला लागतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो ना दुकानदाराने विचारला, ना तुम्ही. हे १८० नेमके कुठे होतायत? रस्त्यावर की तुमच्या भिंतीत?

माझ्या थोरल्या मावशीकडचा अनुभव सांगतो. थंडीच्या दिवसांत तिचा फोन, "अरे, गीझर गेला वाटतं, पाणी कोमटच येतंय, नवीन बघ एखादा." गेलो. गीझर चालू ठेवून बाहेर मीटरपाशी मोजलं तर २१९. न्हाणीघरातल्या प्लगवर मोजलं तर २०३. सोळा व्होल्ट वाटेत गायब. अंतर पंधरा मीटर, वायर दीड एमएमची. एवढ्या वायरीत फार तर तीन व्होल्ट जायला हवेत. उरलेले तेरा कुठे जातात? माळ्याच्या खाली एक लाकडी जंक्शन बॉक्स होता, त्याचं झाकण हाताला चटका देत होतं. मेन बंद करून उघडलं. आत वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी वितळून डांबरासारखी झाली होती आणि तांबं काळं पडलेलं. तेरा व्होल्ट गुणिले पावणेआठ अँपियर, म्हणजे शंभर वॅट. जुना शंभरचा बल्ब त्या लाकडी डबीत रोज वीस मिनिटं पेटत होता, फक्त उजेड दिसत नव्हता. गीझर ठणठणीत होता. अजूनही तोच आहे.

त्यामुळे तुमच्याकडेही आधी तीन मापं घ्या. पहिलं, संध्याकाळी घरातली सगळी मोठी उपकरणं बंद असताना मीटरपाशी. दुसरं, इस्त्री किंवा पाणी तापवायची कॉईल असं काहीतरी दणकट चालू असताना मीटरपाशी. तिसरं, तेच उपकरण गीझर लावायच्या प्लगवर चालू असताना, त्याच प्लगवर. मीटरपाशी स्वतः हात घालू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिलंच माप १८५ आलं तर दोष बाहेरचा. नियमाने २३० च्या सहा टक्के वर किंवा खाली चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. त्याच्या खाली रोज येत असेल तर महावितरणकडे तक्रार करा, १९१२ वरही करता येते. एकट्याने करण्यापेक्षा आठ-दहा घरांनी मिळून, तारीख-वेळ आणि आकडे टाकून लेखी अर्ज द्या. डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड जास्त झाला असेल, तिन्ही फेजवर घरं सारखी वाटलेली नसतील किंवा तुम्ही डीपीपासून फार लांब टोकाला असाल. लाईनमनला गाठून "आम्हाला चांगल्या फेजवर टाका" ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. आमच्या आळीत एकाने तसा फेज बदलून घेतला. पंधरा दिवसांत निम्मी आळी त्याच फेजवर, आणि चांगला फेज कुठला ते परत शोधायची वेळ.

पहिलं माप ठीक, पण तिसरं दुसऱ्यापेक्षा आठ-दहा व्होल्टने खाली असेल, तर दोष तुमच्या फिटिंगमध्ये आहे. एसी-गीझर नंतर, आधी ते दुरुस्त करा.

आता एसी. इथे दुकानदाराचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. कॉईलला व्होल्टेज कमी मिळालं की ती निमूट कमी काम करते, मोटर तशी नसते. साध्या कॉम्प्रेसरला व्होल्टेज कमी पडलं की तो सुरूच होत नाही. हूंऽऽ करतो, करंट खेचतो, तापतो, मग आतलं ओव्हरलोड टक् करून तोडतं, थंड झालं की पुन्हा तेच. महिनाभर असं चाललं की वाइंडिंग जातं. फ्रीजचंही असंच. इन्व्हर्टर एसी बराच खालपर्यंत चालतो, पण किती खालपर्यंत ते कंपनीगणिक बदलतं. खोक्यावर किंवा माहितीपुस्तकात इनपुट व्होल्टेजची रेंज छापलेली असते, ती वाचूनच घ्या. तुमची मापं त्या रेंजच्या आत बसत असतील तर स्टॅबिलायझरचे पैसे वाचले. नसतील बसत, तर दीड टनाला ४ केव्हीएचा, फक्त एसीपुरता. त्यात दोन गोष्टी बघा: १७० पासून उचलणारा आहे की १३० पासून, आणि लाईट गेल्यावर तीनेक मिनिटं थांबून सुरू करणारा आहे की नाही. लाईट येताच कॉम्प्रेसरला आतल्या गॅसच्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागू नये म्हणून ती थांबायची सोय.

वायरीचं थोडक्यात. गीझरला आणि एसीला डीबीपासून वेगवेगळी वायर, तांब्याची, ४ एमएम घाला. २००० वॅटला अडीचनेही भागतं, पण भिंत एकदाच फोडायची असते. प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी आणि १६ अँपियरचा पॉवर प्लग. ६ च्या प्लगमध्ये अडॅप्टर खोचून गीझर लावणारे लोक मी पाहिलेत, त्यांचे प्लगही पाहिलेत, चॉकलेटी झालेले. पुढे कधी ३००० वॅटचा इन्स्टंट गीझर घेतलात तर तो २३० ला तेरा अँपियर ओढतो, १६ च्या प्लगात बसतो. ४५०० वॅटचा जवळपास वीस ओढतो. त्याला प्लग नकोच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या डबल पोल स्विचवरून थेट जोडायचा, आणि त्या आधी बिलावरचा मंजूर भार बघायचा.

अर्थिंगबद्दल मात्र मी चिवट आहे. जुन्या घरांत अर्थची वायरच नसते, मग कोणीतरी हुशार माणूस प्लगच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतो. टेस्टरला सगळं छान दिसतं. ज्या दिवशी मागे न्यूट्रल तुटतो त्या दिवशी गीझरच्या बॉडीत आणि नळाच्या पाण्यात फेज उतरतो, आणि तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी उभे असता. तुमच्या प्लगचं झाकण उघडून हे एकदा वायरमनकडून तपासून घ्याच. खरं अर्थिंग करा आणि डीबीत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच लाईन तोडणारा स्विच, बसवा. या दोन गोष्टींत पैसे वाचवणार असाल तर गीझर घेऊच नका, चुलीवरचं पाणी बरं.

आणखी एक खूण. मोठं उपकरण चालू केल्यावर दिवे जरासे मंदावले तर समजण्यासारखं आहे. पण तुम्ही काही न करता दिवे मधूनच जास्त प्रखर होत असतील, तर मागे कुठेतरी न्यूट्रल सैल असू शकतो. तो पूर्ण सुटला तर तुमच्या घरात ३०० च्या वर व्होल्ट येऊ शकतात, टीव्हीपासून राऊटरपर्यंत सगळं जातं. असं दिसलं की मेन पाडा आणि तक्रार नोंदवा, सकाळची वाट बघू नका.

गीझर आत्ता घ्यायला हरकत नाही, वायरिंगचं वर लिहिलंय तेवढं झालं की लावा. एसीचं सांगायला मला ती तीन मापं आणि तुम्ही बघून ठेवलेल्या एसीवर छापलेली रेंज हवी. खाली प्रतिक्रियेत टाका.