खोदणारे जोरात, बुजवणारे निवांत

प्रश्न: डॉक्टर, मी ४७ वर्षांची, राहणार कल्याण. पाळी ४४ व्या वर्षीच गेली. मागच्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये हाडांची फुकट तपासणी होती, टाचेला जेल लावून पाय मशीनमध्ये ठेवला आणि दोन मिनिटांत चिठ्ठी हातात, टी स्कोअर उणे १.९. तिथल्या माणसाने लगेच कॅल्शियमचे तीन डबे गळ्यात मारले. माझी आई ७४ ची, गेल्या दिवाळीत मोरीत पाय सरकला आणि खुबा मोडला. हे आनुवंशिक असतं का? मला दूध पचत नाही. सकाळी साडेसहाला गॅलरीत उन्हात बसते, ते पुरतं का? मुलगी पंधराची आहे, तिचा काही प्रॉब्लेम नाही, फक्त वजन वाढतं म्हणून दूध-पोळी सोडलीय आणि क्लासमुळे दिवसभर बसून असते.

उत्तर: ताई, ते डबे परत होत असतील तर आधी परत करा. टाचेचं मशीन म्हणजे सोनोग्राफीसारखं काम, त्याच्या आकड्यावरून निदान करायचं नसतं. खरी टेस्ट डेक्सा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा खास एक्स-रे, खुब्याचा आणि कंबरेच्या मणक्यांचा. त्यातला टी स्कोअर म्हणजे तुमचं हाड निरोगी तरुण हाडाच्या किती मागे आहे तो आकडा. तो उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाडं विरळ व्हायला लागलीत आणि उणे २.५ किंवा त्याच्या खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. तुम्ही मात्र डेक्सा करूनच घ्या, चिठ्ठी आली म्हणून नाही, तर पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली आणि आईचा खुबा मोडलाय म्हणून. ही दोन कारणं पुरेशी आहेत. आणि हो, आनुवंशिक बरंच असतं, कोणाची हाडं किती भरतील यातला निम्म्याहून जास्त भाग आईवडिलांकडूनच येतो, पण म्हणून तुमचा खुबा मोडणारच असं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

काय होतं, आपल्या हाडात कायम रस्त्याचं काम चालू असतं. एक गँग जुनं हाड खोदते, दुसरी नवीन भरते. खोदायला दोन-तीन आठवडे, बुजवायला तीन-चार महिने, अगदी आपल्या महापालिकेसारखं. खोदणाऱ्या गँगवर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, हा मुकादम असतो, पाळी गेली की मुकादम रजेवर, मग ते सुटतात नुसते खोदत आणि बुजवणारे मागे पडतात. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांचं २० टक्क्यांपर्यंत हाड जातं. तुमची ती वर्षं आत्ता चालू आहेत, म्हणून डेक्सा पुढच्या वर्षी बघू असं करू नका.

खाण्याचं म्हणाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम, पाळी गेल्यावर १२००. दूध पचत नाही ना, दही-ताक बहुतेकांना चालतं (ताक घट्ट हवं, पाहुणे वाढल्यावर वाढवतो तसलं नको). १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे मध्यम भाकरीला पावणेदोनशेच्या आसपास. मासे खात असाल तर सुकट, काट्यासकट कुरकुरीत मांदेली, एकदम बेस्ट. पालकावर विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम पालकातल्याच ऑक्झलेट नावाच्या घटकाने अडकवून ठेवलेलं असतं, अंगाला फारसं लागत नाही. एवढं खाऊन कमी पडलं तरच गोळी, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, जेवणाबरोबर कॅल्शियम घेतलं की जमतं.

साडेसहाचं ऊन छान वाटतं पण ड जीवनसत्त्वासाठी जवळजवळ फुकट. आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी असते, म्हणजे साधारण अकरा ते दोन, तेव्हाचं ऊन कामाचं, तेही खिडकीच्या काचेतून नाही. वाळत घातलेले कपडे काढायला त्या वेळेत गच्चीवर गेलात तरी चालेल, हात-पाय उघडे ठेवून, भाजेपर्यंत मात्र थांबू नका. ड चं ते साठ हजार युनिटचं पाकीट शेजारणीने सांगितलं म्हणून वर्षानुवर्षं दर रविवारी घेणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होऊ शकतो.

आता मुलगी. ‘तिचा काही प्रॉब्लेम नाही’ हेच मला तुमच्या पत्रात सगळ्यात खटकलं. मुलींचं साधारण ९० टक्के हाड अठरापर्यंत भरून होतं, म्हणजे तिच्या हातात तीनच वर्षं आहेत आणि त्यातच ती दूध-पोळी सोडून बसलीय. तिला आधी पोटभर जेवू द्या, आणि रोज दहा मिनिटं दोरीच्या उड्या. हाडाला दणका लागतो, टेनिसवाल्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते उगाच नाही. पोहणं बाकी सगळ्याला चांगलं, हाडाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. डाएटमुळे तिची पाळी चुकायला लागली तर वाट न बघता डॉक्टरला दाखवा.

प्रश्न: मी ५८ वर्षांचा, संधिवातासाठी वर्षभर स्टिरॉइडची गोळी चालू आहे. ऑस्टिओपोरोसिस बायकांनाच होतो ना?

उत्तर: नाही हो. तीन महिन्यांच्या वर स्टिरॉइड गेलं की पुरुषांचीही हाडं विरळ होतात. डॉक्टरांना डेक्साबद्दल स्वतःहून विचारा, गोळी मात्र मनाने बंद करू नका, ते जास्त धोक्याचं.

प्रश्न: सासूबाई ७१ च्या, सातारा. दिवसातून चार वेळा मिश्री. पडल्या-बिडल्या कधी नाहीत, पण हल्ली परकर जमिनीला लोळतो म्हणून दोनदा दुमडून शिवून घेतला. वय झालं की उंची कमी होतेच ना?

उत्तर: थोडी होते, पण परकर दोनदा दुमडण्याइतकी नाही. न पडताही मणका दबून मोडतो आणि पुष्कळदा दुखत पण नाही, नुसती उंची कमी होते, पाठीला पोक येतं. पाठीचा एक्स-रे काढा, या आठवड्यातच. मणका दबलेला निघाला तर नुसत्या कॅल्शियमवर भागणार नाही, हाडाची वेगळी औषधं लागतील. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती हाडालाही वाईट, पण एका झटक्यात सुटायची नाही, चाराची दोन करून बघा. तोवर त्यांना वाकून पाण्याची बादली उचलू देऊ नका आणि तो परकर अजून वर घ्या, पायात अडकायला नको.